कलम चार, पोटकलम ब

जानेवारीत हेलेनाला पाचाच्या आतच अंधार पडतो.
विधानभवनाच्या तळघरात मी विधेयकं लिहितो,
म्हणजे दुसऱ्यांचे राग
कायद्याच्या व्याकरणात बसवून देतो.
पाण्याचे हक्क, लांडग्यांची शिकार, बिटाच्या साखरेवरचा कर.
माझं मत कोणी विचारत नाही. पगार त्याचाच आहे.

आज ॲर्डिस स्कोगस्टॅड आल्या,
मिल्क नदीच्या वरच्या अंगाच्या आमदार,
बुटांना गोठा तसाच चिकटलेला.
पेंडीच्या पावतीमागे पेन्सिलीने लिहून आणलेलं:
"वॉशिंग्टनने काहीही ठरवो,
आमच्या दारात येऊन कोणी म्हणणार नाही, बंदूक दे.
न्यायाधीश नाही, डॉक्टर नाही,
मेहुणा तर नाहीच नाही."
मी हसलो नाही. बाई विनोद करत नव्हत्या.

मग सांगितलं:
मार्चमधली रात्र, कोठारात कुणीतरी,
कुत्रं भुंकायचं एकदम थांबलेलं,
फोनवरची मुलगी म्हणतेय, लाइनवर थांबा.
शेरीफची गाडी बावन्न मिनिटांनी आली.
"ती मी दाराशी उभी राहून मोजली.
हातात नवऱ्याची बारा बोअर."
चोर होता?
"शेजाऱ्यांचा पोरगा. प्यायलेला, काकडलेला.
सूप दिलं त्याला.
पण हे सगळं नंतर कळलं ना."

रात्री मी लिहायला बसतो.
कलम एक, संक्षिप्त नाव.
कलम दोन, व्याख्या.
बंदूक म्हणजे काय, त्याला दीड पान लागतं.
घर म्हणजे काय, एक ओळ.
कलम तीन, केंद्राच्या अशा हुकमाला
राज्याचा कोणताही अधिकारी हातभार लावणार नाही.
कलम चार, कोणाही व्यक्तीची बंदूक
तिच्या मनःस्थितीच्या कारणावरून
कोणीही काढून घेणार नाही, ठेवून घेणार नाही.

'ठेवून घेणार' पाशी कर्सर लुकलुकत राहतो.

माझ्या कपाटात वडिलांची रायफल आहे.
तिचा बोल्ट तिच्यात नाही.
तो रस्त्यापलीकडे वेंडेल ओस्ट्रँडरकडे,
स्क्रूंच्या बरणीत. तीन हिवाळे झाले.
त्या रात्री मी तो मोज्यात गुंडाळून नेला.
वेंडेलने दार उघडलं, मोजा हातात तोलून पाहिला,
म्हणाला, आत ये, पत्ते काढतो.
ना कोर्ट, ना हुकूम, ना साक्षीदार.
उजाडेपर्यंत मी एकतीस डाव हरलो.

आता कलम चारप्रमाणे वेंडेल गुन्हेगार.

म्हणून पोटकलम ब. कोणी सांगितलेलं नाही.
'मालकाने आपणहून शेजाऱ्याच्या वा नातलगाच्या
हाती दिलेल्या बंदुकीस, किंवा तिच्या कोणत्याही भागास,
तो परत मागेपर्यंत, हे कलम लागू असणार नाही.'
'तो परत मागेपर्यंत' खोडतो. पुन्हा लिहितो.
त्याने त्याच रात्री मागितली तर?
कायद्यात 'त्याच रात्री' कुठे लिहितात?

सकाळी बाई वाचतात, ओळीखाली बोट धरून,
शाळेत शिकल्यासारख्या.
बोट ब वर थांबतं.
बाहेर बर्फाचा नांगर डांबर खरवडत जातो.
"हे मी म्हटलं नव्हतं."
नाही.
"बारा बोअर नवऱ्याची होती," म्हणतात,
जणू मी ते ऐकलंच नव्हतं.
पुढे वाक्य येत नाही. मीही ओढून काढत नाही.
"राहू दे ते. आणि तात्काळ अंमल घाल."
सही करताना पेन कागदात रुतते.

आठवड्याने समितीने मसुदा परत पाठवला.
बंदुकांवर कुणाचा आक्षेप नव्हता,
आक्षेप असणारे हात अकरा-नऊने आधीच खाली बसले होते.
शेरा एकच, हिरव्या शाईत:
'शेजारी' या शब्दाची व्याख्या नाही.
किती फुटांपर्यंतचा?

"सहा मैल चालतील का?"
ॲर्डिसबाई विचारतात,
आणि माझ्या उत्तराची वाट न बघता
पान उलटतात.